धाकटीच्या नावाचं व्याज

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही, आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. ही वही चुकून कोणाच्या हाती पडलीच तर त्यानं शुद्धलेखनाबद्दल माफ करावं आणि वही होती तिथं परत ठेवावी. मी चार माणसांत बोलणारी बाई नाही. घरी पाहुणे आले की चहा ठेवून आत जाते, ती ते गेल्यावरच बाहेर येते. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून लिहिते.

सांगायचं आहे ते आमच्या हिंगोलीच्या घराबद्दल आणि माझ्या धाकट्या बहिणीबद्दल. खरं म्हणजे मी तिच्यावर जळत होते, त्याबद्दल. याहून बरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

आम्ही दोघीच बहिणी, भाऊ नाही. गोरेगावला माय आणि बाबा दुसऱ्याच्या रानात कामाला जायचे. धाकटी माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी लहान. ती झाली त्या साली मी चौथी पास झाले होते, आणि तिला सांभाळायला घरी कोणी तरी पाहिजे होतं, म्हणून माझी शाळा तिथंच थांबली. पुढं ती शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा बाबांनी ठरवलं की एका तरी पोरीला शेवटपर्यंत शिकवायचं. ती पोरगी मी असणं शक्यच नव्हतं, माझं लग्न ठरलेलं होतं. धाकटी वसतिगृहात राहून शिकली, औरंगाबादला नर्सिंग केलं आणि तिथून इंग्लंडच्या दवाखान्यात नोकरीला गेली. जायच्या आधी गावात विहारापुढं तिचा सत्कार झाला. हार तिच्या गळ्यात होते आणि तिची पिशवी माझ्या हातात होती. बाबा ते बघायला राहिले नव्हते. माय पुढच्या सतरंजीवर बसली होती आणि रडत होती. माझ्या लग्नात ती रडली नव्हती, कामात होती.

आमचे हे पाटबंधारे खात्यात इंजिनियर. लग्न झालं तेव्हा मॅट्रिकला होते, पुढचं सगळं शिक्षण लग्नानंतर झालं. मोठा दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षी यांनी हिंगोलीत प्लॉट घेतला. प्लॉटातच गाठीचा पैसा संपला. बांधायला अजून वीस हजार लागत होते आणि सरकारी कर्जाचा नंबर लागायला किती वर्षं जातील याचा भरवसा नव्हता. ही गोष्ट मायनं कोणाकडून तरी लिहवून धाकटीला कळवली. मला न विचारता.

महिन्याभरात तिचं निळं विलायती पत्र आलं. पत्र यांच्या नावावर, इंग्रजीत. यांनी मला अर्थ सांगितला. वीस हजार मी पाठवते, व्याज नको, दाजींनी सवडीनं परत द्यावेत, फक्त वरची एक खोली माझ्या नावानं ठेवावी, सुट्टीवर आले की मी तिथं उतरीन. यांना इतका आनंद झाला की पत्र दोनदा वाचलं. मी ऐकत होते. घराची एक भिंतसुद्धा अजून उभी नव्हती आणि त्यात तिची खोली झाली होती.

पैशाच्या बाबतीत मी तोवर यांना कधी काही बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"घ्यायचे तर कागद करून घ्या. घर तिच्याकडं गहाण लिहून द्या आणि बँक जे व्याज घेते ते लावा."

हे हसले. "सख्ख्या बहिणीला व्याज देशील?"

"गहाण टाकलेलं घर सोडवता येतं. फुकट घेतलेलं कशानं सोडवायचं?"

यांना वाटलं, बायको किती सरळ मनाची आहे, बहिणीचासुद्धा फुकटचा पैसा नको म्हणते. ऑफिसातल्या मित्रांना त्यांनी तसं सांगितलंही. मी त्यांना तसंच समजू दिलं. माझ्या मनात सरळ काही नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं की एक दिवस घराचा शेवटचा पैसा तिच्या हातावर ठेवावा आणि म्हणावं, हे झालं, आता हे घर माझं.

मग यांनी कुठल्या कुठल्या परवानग्यांचे कागद भरले, वकिलाकडून गहाणखत करून घेतलं. मुद्दल पाच वर्षांनी एकरकमी, व्याज शेकडा नऊ. म्हणजे महिन्याला दीडशे रुपये. धाकटीला हे काही आवडलं नाही. तिनं लिहिलं, अक्काची इच्छाच असेल तर असू दे, पण तिकडून इकडं पैसे पाठवायला दहा ठिकाणी अर्ज करावे लागतात, तेव्हा व्याज मला पाठवू नका, दर महिन्याला मायला देत जा.

मला त्यात काही वाईट दिसलं नाही. मायला पैसे मिळतील, आणि ते माझ्या हातून. मला बरंच वाटलं.

घर झालं. पुढच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या, मागं आम्ही. वरची खोली कुलपात. मी आठवड्याला एकदा ती झाडायची, आणि झाडताना दर वेळी माझा जीव चिडायचा.

पगार झाला की मी दीडशे रुपये घेऊन गोरेगावच्या बसला बसायची. सोबत मायचं खोकल्याचं औषध, कधी शेंगदाणे, कधी माझ्या हातचं लोणचं. माय अंगणात बसलेली असायची. पैसे हातात पडले की ती ते मोजत नव्हती, पदराला बांधायची आणि शेजारणीला हाक मारायची. "आलं वं, लंडनचं आलं." शेजारीण यायची, तिची सून यायची. माय सांगायची, धाकटी दर महिन्याला बराबर धाडती, एक महिना खाडा न्हाई. मी चुलीपुढं चहा करत असायची. एकदा त्या सुनेनं सहज विचारलं, मग थोरलीचं काय? माय म्हणाली, "ती घेऊन येती."

ती घेऊन येते. पोस्टमनसारखी. ते तीन शब्द मी हिंगोलीपर्यंत बसमध्ये धरून बसले होते. वाटलं, मायला सांगावं की अगं, हे पैसे तिनं पाठवलेले नाहीत, हे माझ्या घराचे आहेत, माझ्या नवऱ्याच्या पगारातले. पण मग तेही पूर्ण खरं नव्हतं. पैसे तिचेच होते, व्याज तिचं. माझ्याच हट्टानं मी ते तिचे करून ठेवले होते. तिनं नको म्हटलेलं व्याज मी लावून घेतलं, आणि त्या व्याजाचं तिला गावात नाव मिळत होतं. फुकट घेतले असते तर हेच दीडशे मी मायला माझे म्हणून दिले असते.

असं महिन्यामागून महिना चाललं होतं. धाकटीची पत्रं येत. यांना पानभर इंग्रजी, आणि शेवटी माझ्यासाठी तीन ओळी मराठी. त्या तीन ओळी ती मोठ्या मोठ्या अक्षरांत, सुट्या सुट्या लिहायची, पहिलीच्या पोरांना फळ्यावर लिहितात तशी. प्रिय अक्का. तू कशी आहेस. तब्येत सांभाळ. मला वाचता येतं हे तिला ठाऊक होतं. तिला पाटीवर पहिलं अक्षर मीच गिरवायला लावलं होतं. एकदा तिनं यांच्यासाठी लोकरीचा स्वेटर पाठवला, आणि मला एक राखाडी साडी, साठीच्या बाईनं नेसावी अशी. हे थंडी नसतानाही स्वेटर घालून ऑफिसात गेले. मी साडी पेटीत तळाशी टाकली.

दोन वर्षं होऊन गेल्यावर कराचं काम निघालं. यांचा कर पगारातूनच कापला जाई, पण घराचं भाडं येऊ लागल्यापासून वर्षाला कागद भरून द्यावा लागे. त्या कागदात हे घराच्या कर्जावर दिलेलं व्याज भाड्यातून वजा दाखवत होते, सगळे दाखवतात तसं. नांदेडच्या कर ऑफिसातून विचारणा आली की हे व्याज ज्या बाईला दिलं ती परदेशात राहते, तर वजावट कशी धरायची?

यांच्या ओळखीच्या नांदेडच्या वकिलाला घेऊन हे घरी आले, तेव्हा मी दाराआड उभी राहून ऐकलं. वकील समजावून सांगत होता. सरकारचं म्हणणं असं की घराच्या कर्जाचं व्याज खुशाल वजा करा, पण ज्याला ते व्याज मिळालं त्याची ती कमाई झाली, आणि कमाई इथं झाली तर त्यावरचा कर इथं यायला पाहिजे. घेणारा इथलाच असला तर त्याला गाठता येतं. विलायतेत बसलेल्या माणसाला कुठं गाठणार? म्हणून एक तर व्याज देतानाच त्यातून कर कापून खजिन्यात भरा, नाही तर इथला एक माणूस दाखवा, जो तिच्या वतीनं जबाबदार आहे. दोन्ही नसेल तर तुमची वजावट गेली.

हे म्हणाले, कर तर कापला नाही, कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

वकील म्हणाला, "मग माणूस दाखवा. तुमच्या सासूबाई दर महिन्याला पैसे तिच्याकरता घेतात ना? त्याच तिच्या इथल्या माणूस. रक्कम लहान आहे, त्यांना कराची तोशीस पडणार नाही. साहेबांपुढं येऊन एवढंच सांगू द्या, की धाकट्या मुलीचं व्याज मी तिच्या वतीनं घेते. काम झालं."

यांना हे दुसऱ्यांदा समजावून घ्यावं लागलं. मला दाराआडून पहिल्यांदाच कळलं होतं. आणि हेही कळलं होतं की आता हे सरकारी कागदावर लिहिलं जाणार. आजवर माय शेजारणीपुढं म्हणत होती, आता साहेबापुढं म्हणणार, आणि साहेब ते टाइप करून शिक्का मारणार. धाकटीचे पैसे. थोरली घेऊन येती.

मला तारखेच्या दोन दिवस आधी गोरेगावला पाठवलं. काम एकच, मायला ते वाक्य शिकवायचं. यांनी ते मला कागदावर लिहूनच दिलं होतं.

आता जे लिहिते ते मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. तो कागद मी पिशवीतून काढलाच नाही. दोन दिवसांत किती तरी वेळा माय माझ्यापुढं रिकामी बसली होती. तांदूळ निवडताना तिनं स्वतःच विचारलं, "काय गं, साहेबापुढं म्या काय म्हनायचं?" मायनं जन्मात व्याजाचं तोंड पाहिलं होतं ते देणाऱ्याच्या बाजूनं. बाबांच्या आजारपणात घेतलेल्या पैशाचं व्याज तिनं सहा वर्षं खळ्यावर राबून फेडलं होतं. पोटच्या पोरीकडून आपण व्याज घेतो हे ती मान्य करणार नाही, ते तिला आधीपासून गोडीनं समजावून सांगावं लागेल, हे मला चांगलं ठाऊक होतं.  महिन्याच्या त्या पैशाला आमच्या घरात कधी कोणी व्याज म्हटलं नव्हतं.

मी म्हणाले, "जे खरं असंल ते सांग."

हे हिंगोलीला बसमध्ये चढले आणि मागच्या सीटवरून मला विचारलं, पाठ झालं का तिचं? मी मान हलवली. कळमनुरी गेलं, वारंगा फाटा गेला, माय खिडकीतून बाहेर बघत होती. नांदेडला ती पहिल्यांदाच चालली होती. तिनं ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं.  अजून वेळ होता. अजून मी तिच्या कानात सांगू शकत होते.

साहेब तरुण होता, बोलायला चांगला. मायला त्यानं खुर्ची दिली. माय खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. मी भिंतीशी उभी. वकिलानं कागद पुढं ठेवले आणि साहेबानं विचारलं, "आजी, तुम्हाला महिन्याला दीडशे रुपये कोण देतं?"

"थोरली," माय म्हणाली, आणि माझ्याकडं बोट केलं.

"थोरल्या मुलीच्या हातून मिळतात, बरोबर. पण ते धाकट्या मुलीचे असतात ना?"

"म्हंजी?"

वकील मध्ये बोलला, आजी, ते धाकटीच्या पैशाचं व्याज आहे ना, जे तुम्ही तिच्याकरता घेता.

मायनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा जावयाकडं. "व्याज? म्या पोटच्या लेकीकडून व्याज खाऊन राहिले म्हनता? म्या काय सावकारीन हाय व्हय?"

हे घाईनं म्हणाले, तसं नाही माय. पण ती थांबली नाही. आवाज चढवला नाही, साहेबालाच समजावून सांगितलं. "साहेब, धाकटीनं इलायतंवरून मला अजून एक पैसा धाडला न्हाई. तिला तिथं तिचं भागवावं लागतं, माझी तकरार न्हाई. हे समदं थोरलीनं केलं. औषीद ती आनती, पैसे ती देती. लेक मायला देती त्याला व्याज म्हनत न्हाईत."

टाइप करणाऱ्यानं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि तिचा अंगठा घेतला.

मी भिंतीला धरून उभी होते. दोन वर्षं ज्या शब्दांसाठी मी झुरले ते मायनं सरकारी कचेरीत, साहेबापुढं, स्वच्छ सांगितले होते, आणि त्याच शब्दांनी आमची वजावट गेली होती. मला आनंद झाला. तो लपवायला मी पदर तोंडाला लावला. यांना वाटलं मी रडते आहे.

दोन वर्षांचं व्याज साहेबानं नामंजूर केलं. त्यावरचा कर, उशिराचा आकार, असं मिळून यांचा जवळजवळ एका महिन्याचा पगार गेला. कचेरीच्या पायऱ्या उतरताना हे एवढंच म्हणाले, "तुझ्या माहेरच्या माणसांना खरं बोलायला दुसरी जागा सापडत नाही." 

वारंगा फाट्यावर बस चहाला थांबली. हे एकटेच हॉटेलात गेले. आम्ही दोघी बसच्या सावलीत उभ्या होतो. मी मायला विचारलं की तुला सगळं माहीत होतं, तर गावात दर महिन्याला लंडनचं आलं, लंडनचं आलं असं काहून सांगत होतीस?

"तू तं दिसतीस," माय म्हणाली. "दर महिन्याला बसमधून उतरताना समद्या गावाला दिसतीस. ती कुठं दिसती? बाया म्हनून राहिल्या होत्या का गेली ती गेली, मायला इसरली. तिचं नाव कोन घेनार मग? म्याच घेत होते."

 तिनं पुढं विचारलं, "जावई रागावले का? काही तकलीफ झाली का माझ्या बोलन्यानं?"

मी नाही म्हणाले. खरं तर तेव्हा सांगायला पाहिजे होतं, की तुझं काही चुकलं नाही माय, मी तुला शिकवलं नाही. नाही सांगितलं. तिचं ऐकून माझा जळफळाट कमी व्हायला पाहिजे होता. तोही झाला नाही. उलट वाटलं, बघ, ती जवळ नसूनसुद्धा हिचा जीव तिच्यातच. मी दिसते म्हणून माझं नाव घ्यायचं नाही, ती दिसत नाही म्हणून तिचं घ्यायचं. दोन्हीकडून तीच.

त्या महिन्यापासून वकिलानं सांगितल्याप्रमाणे हे व्याजातून आधी कर कापून चलनानं भरू लागले. परदेशातल्या माणसाचा कर कापायचा तो जवळजवळ तिसरा हिस्सा. दीडशेतले शंभर उरायचे. वजावट नीट मिळू लागली, हे खूश झाले. पण मायच्या हातावर शंभरच ठेवायचे म्हटल्यावर मला ते जमेना. ती विचारणार, पन्नास कुठं गेले? धाकटीच्या कराला, असं सांगितलं तर ती कोणत्या बायांपुढं काय सांगेल कोण जाणे. शिवाय ते पन्नास माझ्या गप्प बसण्यानंच गेले होते.

शिवणयंत्र घरात होतंच. भाडेकरणीचे आणि गल्लीतल्या बायांचे ब्लाउज, परकर मी शिवायला लागले. पन्नास रुपये सगळ्याच महिन्यांना जमत नसत, तेव्हा भाजीपाल्यातून काढायची. यांना सांगितलं नाही, मायला नाही, धाकटीला तर नाहीच. दीडशे पूर्ण करून मायच्या पदरात टाकायची. माय पहिल्यासारखीच शेजारणीला हाक मारायची, लंडनचं आलं. मी चहा करता करता मनात म्हणायची, शंभर लंडनचे आणि पन्नास माझे. ते पन्नास कोणते हे फक्त मला माहीत. खोटं कशाला लिहू, त्यात मला सुख होतं, पण ते आंबट सुख होतं.

पाच वर्षं भरत आली. हे पोस्टात आणि बँकेत महिन्याला बाजूला टाकत होते, फंडातून काही काढलं, आणि वीस हजार उभे राहिले. नेमकी त्याच वेळी धाकटी सुट्टीवर आली. वरच्या खोलीचं कुलूप मी काढून दिलं. आली तेव्हा तिला पाहून मी मनात जे जे धरून बसले होते त्यातलं बरंच ढिलं झालं. ती वाळली होती. हात पाण्यात राहून राहून भेगाळले होते. पण दुसऱ्याच दिवशी माय तिच्यासाठी गोरेगावहून पुरणाच्या आणि तिळाच्या पोळ्या घेऊन एकटी बसनं आली, आणि माझं पुन्हा जसंच्या तसं झालं. माझ्याकडं पाच वर्षांत ती एकदाही एकटी आली नव्हती.

गहाण सोडवायचे कागद हिंगोलीच्या रजिस्ट्री ऑफिसात करायचे होते. आम्ही चौघं गेलो. हे आत लिहिणाऱ्यापाशी बसले, माय झाडाखाली, आम्ही दोघी पायऱ्यांवर. पैशाची पिशवी माझ्या मांडीवर होती. यांनी ती माझ्याकडंच दिली होती, मी मागितली म्हणून.

 धाकटी म्हणाली, "अक्का, नांदेडच्या साहेबापुढं मायनं माझ्याबद्दल काय सांगितलं ते दाजींनी मला लिहिलं होतं."

मला वाटलं ती पैशाचं म्हणते आहे. आमचं नुकसान झालं ते. मी म्हणाले, झालं गेलं.

"एक पैसा धाडला नाही म्हणाली. समदं थोरलीनं केलं म्हणाली."

ती हसत सांगत होती, पण तिच्या तोंडावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पंचवीस-तीस वर्षं मी ते बाळगलं होतं. तिला माझा हेवा वाटत होता. शिकलेल्या, विलायतेला गेलेल्या माझ्या बहिणीला, माझा.

क्षणभर मला वाटलं, सांगून टाकावं. की माय गावात रोज तुझंच नाव घेते, दर महिन्याला शेजारणीला हाक मारून घेते. ते ऐकलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. आजही वाटतं, निघायला पाहिजे होतं.

तिनं डोळे पुसले आणि व्यवहाराचं बोलली. "आता व्याज संपलं. मायला दर महिन्याला काय? मी तिकडून काही सोय करते."

"मी देईन," मी म्हणाले.

"तू कुठून देशील?"

तिनं टोमणा मारला नव्हता, काळजीनंच विचारलं होतं. तरी मला लागलं.

"ज्यातून आतापर्यंत दिले त्यातून."

तिला काही कळलं नाही. आतून यांनी हाक मारली. टेबलावर मी पिशवी उघडली आणि नोटा तिच्यापुढं ठेवल्या. तिनं नको नको म्हणत मोजल्या, कारण लिहिणारा म्हणाला मोजल्याशिवाय कागद होत नाही. मोजताना तिचा एक गठ्ठा चुकला, मी तो पुन्हा मोजून दिला. मग लिहिणाऱ्यानं चष्मा वर केला आणि तिला विचारलं, "बाई, मुद्दल आणि आजपर्यंतचं व्याज, सगळं पोचलं ना? काही बाकी?"

धाकटीनं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं नाही.

"पोचलं," ती म्हणाली. "काही बाकी नाही."